लिफ्ट, केबिन आणि थप्पड: उभ्या मालिकांना ऑफिसातलंच प्रेम का लागतं

फुल-फ्रेम कॅमेऱ्याला ३५ मिमीची लेन्स लावा आणि दोन मीटरवर माणसं उभी करा. कॅमेरा आडवा असेल तर चौकटीत साधारण दोन मीटर रुंदी मावते. तोच कॅमेरा उभा केला की रुंदी उरते १.४ मीटर आणि उंची होते दोन मीटर. सहा जणांचं मीटिंग टेबल आता मावत नाही. पण खाली वाकून विखुरलेले कागद गोळा करणारी मुलगी आणि तिच्यासमोर येऊन थांबलेला सुटाबुटातला माणूस झकास मावतात. तिचा चेहरा खाली, त्याचे पॉलिश केलेले बूट मध्ये, त्याचा चेहरा सगळ्यात वर. साहेब कोण, हे सांगायला एकही संवाद लागत नाही.

मोबाइल उभा धरून, अंगठ्याने सरकवत बघायच्या छोट्या भागांच्या या 'उभ्या' मालिकांमध्ये ऑफिसातलं प्रेम एवढं का चालतं, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उभी चौकट माणसांना शेजारी शेजारी बसू देत नाही, एकावर एक रचते. आणि जिथे माणसं आधीच एकावर एक रचलेली असतात, अशी रोजच्या ओळखीची जागा म्हणजे ऑफिस. शेत, चाळ, कॉलेज यातही उतरंड असते, पण ती समजावून सांगावी लागते. ऑफिसात ती गळ्यातल्या आय-कार्डावर आणि केबिनच्या दारावर लिहिलेली असते. नव्वद सेकंदांच्या भागात समजावून सांगायला वेळ कुणाला आहे?

या प्रकाराची जडणघडण चीनमधली. तिथल्या वेब-कादंबऱ्यांत अब्जाधीश अध्यक्ष आणि साधी कर्मचारी ही जोडी आधीपासून लोकप्रिय होती. त्याच कथा एक-दोन मिनिटांच्या साठ ते शंभर भागांत कापून मोबाइलवर आल्या. तुसडा, हुकूमशहा, पण फक्त हिच्यापुढे विरघळणारा हा अध्यक्ष तिकडे 'बाझोंग' म्हणून ओळखला जातो. त्याचं पीक एवढं माजलं की नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनच्या सरकारी प्रसारण नियामकाने अशा मालिकांची संख्या कमी करा आणि प्रेक्षक ओढण्यासाठी नावात 'बाझोंग' घालू नका, अशी ताकीद दिली. अमेरिकेत रीलशॉर्ट, ड्रामाबॉक्स यांसारख्या अ‍ॅपनी हाच साचा इंग्रजी बोलणाऱ्या नटांवर चढवला. तिथे एक अख्खी मालिका साधारण एक ते तीन लाख डॉलरांत आणि आठ-दहा दिवसांत उरकतात. आपल्याकडे कुकू टीव्ही, बुलेट वगैरे त्याच वाटेने निघाले आहेत, बहुतेक हिंदीतून.

त्याआधी २०२० साली क्विबी या अमेरिकी अ‍ॅपने मोबाइलसाठी छोटे भाग करून पाहिले होते. १.७५ अब्ज डॉलरचं भांडवल, हॉलिवूडची बडी नावं, आणि एप्रिलमध्ये सुरू झालेलं दुकान डिसेंबरात बंद. कारणं अनेक सांगतात. माझ्या मते एक महत्त्वाचं कारण चौकटीत आहे. त्यांचा प्रत्येक कार्यक्रम फोन आडवा धरूनही दिसला पाहिजे आणि उभा धरूनही, असा हट्ट होता. दोन्ही डगरींवर हात ठेवल्यावर दृश्यरचना कुठल्याच चौकटीची राहत नाही. आताच्या मालिका बिनधास्त उभ्याच आहेत, आणि कथाही उभीच निवडतात.

लिफ्टचंच घ्या. ऑफिसच्या लिफ्टचं दार साधारण ८०० मिमी रुंद आणि दोन मीटर उंच असतं, म्हणजे मोबाइलच्या पडद्यासारखंच उभट. दार उघडलं की चौकटीत चौकट तयार. आत दोनच माणसं मावतात, तीही जवळ जवळ. बाहेर पडायला जागा नाही, बोलायला मोजके मजले, आणि दार उघडताच बाहेर अख्खा स्टाफ. जवळीक आणि साक्षीदार हे दोन्ही एकाच जागी फुकटात मिळतात. काचेची केबिनही अशीच उपयोगी: आतलं ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं. फक्त काचेत कॅमेरामन, बूममाइक आणि चहावाला दिसण्याची भीती असते. काचेला समोरासमोर भिडू नये, थोडा कोन घ्यावा आणि लेन्सवर प्रतिबिंब कापणारा पोलरायझर फिल्टर लावावा. घाईच्या शूटिंगमध्ये हे राहून जातं, मग रोमँटिक क्षणी नायकाच्या खांद्यामागे रिफ्लेक्टर धरलेला मुलगा झळकतो. सेंट्रल एसीची घरघर ही दुसरी डोकेदुखी. ती बंद करता आली नाही तर संवाद पुन्हा डब करावे लागतात, आणि ओठ जुळले नाहीत की क्लोजअपवरच उभी असलेली मालिका लगेच उघडी पडते.

आता एक नमुन्याचा भाग नव्वद सेकंदांत मांडून पाहू. पहिल्या तीन सेकंदांत कॉफी सांडते आणि फाइल खाली पडते, कारण तीन सेकंदांत काही घडलं नाही तर अंगठा वर सरकतो. पंधराव्या सेकंदापर्यंत मॅनेजरबाईने नायिकेचा पाणउतारा सुरू केलेला असतो. चाळिसाव्यापर्यंत स्टाफ गोळा, दोघांनी मोबाइल काढलेले, 'गुडघ्यावर बसून माफी माग' इथवर गोष्ट आलेली. मग लिफ्टची घंटा. सगळे एकदम सरळ उभे. बूट, चाल, शांतता. सत्तराव्या सेकंदाला तो सगळ्यांना ओलांडून खाली वाकतो आणि कागद उचलू लागतो, म्हणजे वरचा चेहरा पहिल्यांदा खाली येतो. बाई चाचरत विचारते, ''सर, तुम्ही हिला ओळखता?'' तो म्हणतो, ''ही माझी...'' आणि भाग संपतो.

पुढच्या भागात तो म्हणतो, ''ही माझी फाइल आहे.''

हसू येतं, पण धंदा या वाक्यावर चालतो. मात्र त्याला मर्यादा आहे. प्रत्येक वेळी असा गुंगारा दिला तर प्रेक्षक चिडतो आणि निघून जातो. तीन वेळा ताणलंत तर एकदा तरी पुढच्या भागाच्या पहिल्या दहा सेकंदांत पूर्ण वसुली, म्हणजे ताणलेल्या अपेक्षेची फेड, द्यावी लागते. नवखे लेखक इथेच घसरतात: ताणणं शिकतात, फेडणं शिकत नाहीत.

या दृश्यात प्रेम किती आहे? जवळजवळ नाहीच. आहे तो चारचौघांत झालेला अपमान आणि तो चारचौघांतच फिटावा ही इच्छा. बॉसने बंद दाराआड 'सॉरी' म्हटलं तर कुणाचं समाधान होत नाही. ज्यांनी हसून पाहिलं होतं त्याच लोकांसमोर हिशेब चुकता व्हावा लागतो. खऱ्या नोकरीत तो सहसा होत नाही. अप्रेझलमध्ये डावललेल्या माणसाला कुणी स्टाफसमोर उभं करून 'चूक झाली' म्हणत नाही. मालिकेत मात्र वरचा माणूस हिच्या प्रेमात आहे, त्यामुळे ते होऊ शकतं. प्रेम हा न्याय मिळवण्याचा जवळचा रस्ता आहे, आणि म्हणूनच नायक कंपनीचा मालकच लागतो, टीम लीडर चालत नाही. टीम लीडरला स्वतःचीच रजा मंजूर करून घ्यायची मारामार.

पैसे कुठे मागायचे हेही यावरच ठरतं. पहिले सहा ते दहा भाग फुकट असतात. कुलूप नेमकं अपमान पूर्ण झाल्यावर आणि भरपाईच्या आधी लागतं. चुंबनाच्या आधी कुलूप लावणं ही कच्च्या माणसाची खूण: चुंबनासाठी लोक थांबतात, पण मॅनेजरबाईचं तोंड पडलेलं पाहायला खिशात हात घालतात. परदेशी अ‍ॅपवर एकेक भाग अ‍ॅपमध्येच विकत घेतलेल्या नाण्यांनी उघडावा लागतो आणि पूर्ण मालिकेचा खर्च वीस डॉलरच्या पुढे सहज जातो. भारतात नाण्यांपेक्षा वर्गणी चालते: एक-दोन रुपयांत 'ट्रायल' आणि पाठोपाठ यूपीआय ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी. अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाकल्याने ऑटोपे थांबत नाही, हे लक्षात ठेवा. यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपे किंवा मॅन्डेट या विभागात जाऊन ते रद्द करावं लागतं. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बंधनकारक आहे. ती सूचना आपण वाचत नाही, हा भाग वेगळा.

आता या कथेतली सगळ्यात अवघड जागा. मालक आणि त्याच्या हाताखालची कर्मचारी यांचं प्रेम सरळ दाखवलं तर ते प्रेम दिसत नाही, जबरदस्ती दिसते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम ३ वाचा. लैंगिक छळाच्या संदर्भात नोकरीत झुकतं माप देण्याचं उघड किंवा आडवळणाचं आश्वासन, नोकरीवर गदा आणण्याची धमकी, कामाचं वातावरण दहशतीचं करणं, हे सगळं तिथे मोजून लिहिलं आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि तक्रार करायला घटनेपासून सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची मुदत आहे. 'करारावर सही कर, नाहीतर नोकरी सोड' हे या मालिकांचं लाडकं वाक्य थेट त्या समितीपुढे जाईल.

लेखकांना हे कळतं, कायदा माहीत नसला तरी प्रेक्षकाची नाराजी कळते. म्हणून युक्त्या निघाल्या. तिला तो मालक आहे हे माहीतच नसतं. तो ड्रायव्हर किंवा इंटर्न बनून वावरतो. किंवा आजीच्या हट्टाखातर दोघांचं घाईघाईत लग्न आधी होतं आणि ती त्याच्याच कंपनीत नोकरीला नंतर लागते. चिनी मालिकांतल्या त्या झटपट लग्नांना आपण नाकं मुरडतो, पण त्यांचं काम चोख आहे. 'हो' म्हणताना ती त्याची नोकर नव्हती, एवढं सिद्ध केलं की पुढे बॉसगिरीची मजा घ्यायला प्रेक्षक मोकळा. ओळख लपवणं म्हणजे नुसता धक्का देण्याची सोय नव्हे, त्याने नायकाचे हात धुतले जातात. गंमत अशी की प्रेमासाठी हुद्दा लपवायचा आणि पैसे मिळवायचे ते हुद्दा उघड करून. त्यामुळे ओळख फुटण्याची वेळ जपावी लागते. विसाव्या भागाच्या आत सगळ्यांना कळलं तर पुढचे चाळीस भाग नुसते गैरसमज आणि अपघात यांवर ढकलावे लागतात. पुरती लपवली तर नायक भित्रा वाटतो. बरी वाट म्हणजे ती टप्प्याटप्प्याने फोडणं: आधी प्रेक्षकाला, मग शिपायाला किंवा पीएला, मग खलनायिकेला, आणि नायिकेला सगळ्यात शेवटी.

आपल्याकडच्या हिंदी मालिकांचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. कंपनी नक्की करते काय, हे कुणालाच माहीत नसतं. 'पाचशे करोड की डील' एवढाच धंदा. नायिकेला काम नसतं, फक्त टेबल असतं. मग तिचा विजय सर्वस्वी नायकाच्या मेहेरबानीवर राहतो आणि तिसऱ्या वसुलीला तो शिळा होतो. तिला एक खरं काम दिलं की चित्र बदलतं. समजा ती अकाउंट्समध्ये आहे. खरेदीच्या नोंदीत एका पुरवठादाराची बिलं आहेत, पण पुरवठादारांनी दाखवलेल्या विक्रीवरून तयार होणाऱ्या जीएसटीच्या २बी विवरणात ती दिसत नाहीत. म्हणजे त्याने विक्री दाखवलेलीच नाही, आणि त्या बिलांवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलं तर कंपनी गोत्यात. हे नव्वद सेकंदांत दाखवता येतं: एकाखाली एक दोन कागद, एकावर ओळ आहे, दुसऱ्यावर नाही, आणि तिचं बोट. उभ्या चौकटीला याहून सोयीचा शॉट नाही. फक्त कागद वरच्या दोन-तृतीयांश भागात धरा, कारण खालचा साधारण पाचवा हिस्सा नाव, बटणं आणि सबटायटल खाऊन टाकतात. आता मॅनेजरबाईचं तोंड हिच्या कामामुळे पडतं. नायक आला काय, न आला काय. तो आलाच तर त्याला प्रेमात पडायला काहीतरी कारणही मिळतं.

मराठीत कुणी हे करायला घेतलं तर कृपा करून बीकेसीतली काचेची इमारत नको. नागरी पतसंस्थेची शाखा घ्या. तिथे चेअरमन निवडून आलेला असतो, मॅनेजर नेमलेला, आणि वसुली अधिकारी दोघांनाही पुरून उरलेला; हुद्दे तीन आणि खरा अधिकार चौथ्याच कुणाकडे, बहुतेक चेअरमनच्या मेव्हण्याकडे. कॅशियरच्या जाळीची खिडकी आयतीच अरुंद. साक्षीदार भाड्याने आणावे लागत नाहीत, ठेव मोडायला आलेली रांग उभीच असते. गावातलाच मुलगा खातेदार म्हणून त्या रांगेत उभा राहतो आणि कर्जाच्या फायलीवर जामीनदार म्हणून त्याचंच नाव निघतं, इथून पहिला भाग सुरू करता येईल. कुलूप नवव्या भागाला, वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी 'विषय क्रमांक चार' म्हटल्यावर.