पाच सूत माया

शिवणीच्या आत जे कापड शिल्लक ठेवायचं, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. ‘माया जरा जास्त ठेवा हं,’ असं सांगून ब्लाऊज टाकणाऱ्या बाईला पुढच्या दिवाळीपर्यंत आपण एवढ्याच राहू याची खात्री नसते. शिंप्यालाही नसते. म्हणून तो काखेपासून खाली दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच सोडून देतो आणि एक अक्षर बोलत नाही. विलायती कागदी पॅटर्नमध्येही, म्हणजे कापड बेतायच्या तयार कागदी नमुन्यांतही, माया असते, पण मोजून पाच सूत. गळ्याला पाच, मुंढ्याला, म्हणजे बाही लागते तिथे, पाच, बाजूला पाच. कुठे सढळ नाही की कुठे हात आखडता नाही.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, गवंडी अजून त्यात बोलतात आणि जुने शिंपीही. पॅटर्नच्या माहितीपत्रकावरचं ‘५/८ इंच’ हे बोजड प्रकरण ‘पाच सूत’ म्हटलं की एकदम घरचं होऊन जातं.

हे पॅटर्न मुळात अमेरिकेतले. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागद कापून विकायला सुरुवात केली. नमुने त्याआधीही मिळत, पण एका मापाचे. ते आपल्या अंगाला लहान-मोठे करण्याची कसरत ज्याची त्याने करायची. मग १८७०मध्ये मॅकॉल आले, १९२७मध्ये सिंप्लिसिटी. जर्मनीत एने बुर्डा यांचं मासिक १९५०मध्ये निघालं. त्या मासिकातला पॅटर्नचा तक्ता पहिल्यांदा उलगडला की पोटात गोळा येतो: एकाच कागदावर, एकमेकांवर, रंगीबेरंगी रेघांचं जाळं. आपली रेघ शोधून दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायची. आणि त्यात माया धरलेलीच नसते. रेघ म्हणजे थेट शिवण. हे विसरून रेघेवर कात्री चालवली आणि सवयीने पाच सूत आत टीप घातली, तर बाजूच्या दोन शिवणींतच अडीच इंच छाती नाहीशी होते. आपल्याकडे मिळणाऱ्या ब्लाऊजच्या पेपर कटिंगबद्दलही पहिला प्रश्न हाच विचारायचा: यात माया धरली आहे का, आणि किती?

दुसरा घोळ नंबरचा. अमेरिकी पॅटर्नचा १२ नंबर म्हणजे छाती ३४, कंबर साडेसव्वीस, सीट ३६. तिथल्या दुकानातल्या तयार कपड्यांचा नंबर याच्याशी जुळत नाही. तयार कपड्यांत ६ नंबर घालणाऱ्या बाईलाही पॅटर्न १२चा लागू शकतो. तेव्हा मान-अपमान बाजूला ठेवून पाकिटामागचा तक्ता बघावा. त्यातही एक मेख आहे. तक्त्यात अंगाची मापं असतात, कपड्याची नाहीत. कपडा अंगापेक्षा किती मोठा, म्हणजे आपले शिंपी ज्याला लूजिंग म्हणतात, ते पॅटर्न काढणाऱ्याने आधीच घातलेलं असतं. अंगाबरोबर बसणाऱ्या ड्रेसलाही छातीत तीन-चार इंच. ३६ची छाती म्हणून ३६चा कागद घ्यायचा, वर ‘असू दे सैल’ म्हणून आपण आणखी दोन इंच वाढवायचे, आणि मग झग्यात हरवायचं, हा ठरलेला क्रम आहे. पॅटर्नच्या पातळ कागदावर छातीपाशी वर्तुळात फुली अशी खूण असते. तिच्या शेजारी शिवून झालेल्या कपड्याचं माप छापलेलं असतं. कपाटातला अंगाला नीट बसणारा एखादा कुर्ता मोजून त्या आकड्याशी ताडून बघितला की लूजिंगचा प्रश्न पाच मिनिटांत मिटतो.

हा कागद सव्वापाच फुटांच्या पुढच्या, साधारण साडेपाच फूट उंचीच्या बाईसाठी काढलेला असतो. पाच फूट एक इंचवालीने तो तसाच कापला तर कंबर सीटवर येते आणि टक्स, म्हणजे आकारासाठी शिवलेल्या चिमट्या, पोटाकडे बघायला लागतात. त्यासाठी कागदावर ‘इथे आखूड करा’ अशी दुहेरी रेघ दिलेली असते. एक इंच कमी करायचं तर तिथे अर्ध्या इंचाची घडी घालायची, एक इंचाची नाही. घडी दुहेरी असते, एक इंचाची घातली तर दोन इंच जातात. ऐकताना हे इतकं सोपं वाटतं, की जो तो एकदा तरी फसतोच. मागचा भाग, पुढचा भाग आणि आतली पट्टी, तिन्हींत घडी सारखीच हवी.

उंचीचं निस्तरता येतं. खरी परीक्षा छातीची. पॅटर्न काढताना धरलेलं असतं की काखेखालून, छातीच्या उभाराच्या वरून घेतलेलं माप, म्हणजे अप्पर चेस्ट, आणि भर छातीचं माप यांत दोन इंचांचाच फरक आहे. समजा अप्पर चेस्ट ३४ आहे आणि छाती ३८. छातीवरून ३८चा पॅटर्न घेतला तर छाती बसते, पण खांदे उतरतात आणि गळा पुढे झुकला की आतलं सगळं दिसतं. कारण नंबर वाढला की कागद छातीबरोबर खांदा, गळा, मुंढा सगळंच वाढवतो, आणि बाईचे खांदे काही छातीच्या प्रमाणात रुंद होत नाहीत. म्हणून कागद अप्पर चेस्टवरून निवडायचा: ३४ अधिक दोन, म्हणजे ३६चा. कमी पडलेले दोन इंच फक्त पुढच्या भागात, फक्त छातीपाशी घालायचे. पुढच्या भागाचा कागद अर्धाच असतो, म्हणून कागदावर एक इंच.

कागद अंगाला लावून उभाराचा बिंदू कुठे येतो ते त्यावर टिंबाने दाखवायचं. कापडाचा उभा धागा कुठे यावा हे दाखवणारा बाण कागदावर असतो; खालच्या काठापासून त्याला समांतर रेघ टिंबापर्यंत न्यायची, तिथून तिरकी वळवून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरी रेघ बाजूच्या टक्सच्या मधून टिंबापर्यंत. पहिली रेघ खालून वर कापत जायचं, पण मुंढ्याच्या शिवणीपाशी केसभर कागद जोडलेला राहू द्यायचा, बिजागरीसारखा. दुसरी बाजूकडून टिंबाकडे कापायची, तिथेही बिजागरी. आता उभा काप एक इंच उघडायचा, दोन्ही कडा समांतर ठेवून. कागद सरकतो तसा बाजूचा टक्स आपोआप रुंदावतो. उभाराला लागणारी खोली इथूनच येते. बाजूकडचा तुकडा खाली उतरतो आणि खालचा काठ वरखाली होतो. तो सारखा करायला मधल्या तुकड्याला आडवा काप देऊन तेवढाच खाली सरकवायचा. मागून कागद चिकटवायचा, टक्स नव्याने आखायचा, त्याचं टोक टिंबापासून इंच-सव्वा इंच अलीकडे थांबवायचं. टोक थेट टिंबावर नेलं तर कपड्याला शिंग फुटतं. कमरेत आलेला जादा इंच कमरेच्या टक्समध्ये घ्यावा.

हे सगळं एकदम चांगल्या कापडावर करू नये. मांजरपाट कशासाठी आहे? धुवट मांजरपाटावर लांब टाक्याने धड शिवावं, पट्ट्या-काज काही नकोत, अंगात घालून आरशासमोर हात पुढे घ्यावेत, खाली बसावं. जिथे ओढतं तिथे सुरकुतीची रेघ कमी पडलेल्या जागेकडे बोट दाखवते. जिथे कापड झोळीसारखं लोंबतं तिथे ते जास्त आहे. पेनाने तिथल्या तिथे लिहावं.

पॅटर्न डाउनलोड केलेला असेल तर आणखी एक खबरदारी. झेरॉक्सच्या दुकानातला संगणक कागदावर ‘मावेल तसं’ छापतो आणि शंभराच्या जागी सत्त्याण्णव टक्के छपाई होते. ३६ इंचांत त्याने एक इंच जातो. पहिल्या पानावर मापाचा चौकोन असतो. तो पट्टीने मोजल्याशिवाय बाकीची पानं काढू नयेत. इमारतींचे नकाशे छापणाऱ्यांकडे अखंड मोठ्या कागदावर काढून घेणं उत्तम, तीस-चाळीस पानं चिकटवत बसण्यापेक्षा.

कापडाचं थोडक्यात. सुती असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. पाकिटावरचं कापडाचं गणित ४५ आणि ६० इंची पन्ह्याचं असतं, आपला कापड दुकानदार ३६चंही पुढ्यात टाकतो. तेव्हा कागद जमिनीवर मांडून बघितल्याशिवाय मीटर ठरवू नयेत. बाण उभ्या धाग्यावर बसवताना त्याच्या दोन्ही टोकांपासून किनारीपर्यंतचं अंतर टेपने सारखं करावं. नजरेवर विसंबलं तर सलवारीचा एक पाय चालताना आत वळतो आणि पुढे काही केल्या सुधारत नाही.

आता माया. नव्या मशीनच्या पत्र्यावर पाच सुतांची रेघ कोरलेली असते, जुन्या काळ्या पायमशीनवर नसते. तिथे सुईपासून पाच सूत मोजून चिकटपट्टी लावावी. एका सुताने काय होतंय, असं वाटतं. प्रिन्सेस कटच्या ड्रेसला पुढे दोन, मागे दोन, बाजूला दोन आणि पाठीत एक अशा सात उभ्या शिवणी असतात. प्रत्येक शिवण पाचाऐवजी चार सुतांवर पडली तर दोन्ही थरांचं मिळून दोन सूत वाढतं, सातांचे चौदा, म्हणजे पावणेदोन इंच. पॅटर्नचा दोष नव्हता, हे तेव्हा कळतं.

गळ्याला मात्र पाच सूत म्हणजे अतिमाया. पूर्ण गोल गळा धरा: मायेची कड शिवणीच्या आतल्या वर्तुळावर असते, म्हणून शिवणीपेक्षा जवळजवळ चार इंच आखूड. गळ्याची आतली पट्टी उलटली की त्या कडेला शिवणीबाहेरच्या, शिवणीपेक्षा चार इंच मोठ्या वर्तुळावर पसरायचं असतं. ती कुठून पसरणार? म्हणून गळा उभा राहतो, टोचतो. टीप पडल्यावर माया दोन सुतांवर छाटावी, दर अर्ध्या इंचावर टाक्याच्या अगदी जवळपर्यंत कात्रे द्यावेत, आणि माया पट्टीकडे वळवून पट्टीवरून एक टीप घालावी. त्याहून आधी, कापल्याबरोबर, गळ्याच्या कडेपासून चार सुतांवर एक साधी टीप मारून ठेवावी. गळ्याची वळणं उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, जातात आणि हाताळताना ताणतात.

आणि बाजूला पाच सूत म्हणजे कद्रूपणा. कापतानाच तिथे जादा इंच सोडावा. पण नुसता सोडून भागत नाही, शिवण्याचा क्रमही बदलावा लागतो. पाकिटातलं माहितीपत्रक सांगतं: आधी बाजू शिवा, मग बाही गोल बसवा. तसं केलं तर पुढे बाजू उसवताना आधी मुंढ्याची शिवण काखेत उसवावी लागते. आपल्या ब्लाऊजची पद्धत इथे शहाणी आहे. खांदे जोडले की बाही सपाटच लावायची. कागदावर जुळवणीच्या खाचा असतात, मागच्या बाजूला दोन, पुढे एक, त्या जुळवून, नाहीतर डावी-उजवी बदलते आणि बाही दंडावर पिळते. मग खालच्या काठापासून बाहीच्या टोकापर्यंत एका दमात टीप. अट एवढीच, की बाहीच्या शिवणीलाही तोच जादा इंच हवा, आणि दोन्ही कडांना वेगवेगळं इंटरलॉक हवं. दोन्ही कडा एकत्र इंटरलॉक केल्या तर सोडायला आत काही उरत नाही. उंच गोलाईच्या बाहीला हा क्रम जड जातो, कारण ती मुंढ्यापेक्षा इंचभर मोठी असते आणि तो इंच मुरवायला गोलच बसवावी लागते. कुर्ता, शर्ट, ब्लाऊजला काही अडचण नाही.

वर्षा-दोन वर्षांनी ही माया सोडवली की जुन्या शिवणीच्या आतली पट्टी मूळ रंगाची, गडद निघते, विशेषतः निळ्या-काळ्या सुतीत. काखेखालीच असते ती. हात खाली असला की दिसत नाही.