पुडीत काय आहे

श्रावण, रात्री. पाऊस उघडलाय.

कपाशीच्या पऱ्हाटीवर करपा आलाय. पानांच्या शिरांमध्ये अडकलेले कोनदार, पाणी भरल्यासारखे ठिपके, काही काळे पडलेले. झान्थोमोनास या जिवाणूचं काम. बाबांनी कृषी केंद्रातून कॉपर ऑक्सिक्लोराईड आणलं आणि सोबत सहा ग्रॅमची पुडी: स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट ९० टक्के, टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराईड १० टक्के. धुऱ्यावर पंप ठेवून त्यांनी विचारलं, "तू जंतूचंच शिकली न? मंग सांग, हे पुडी आतमंदी जाऊन काय करते?"

नागपूरच्या प्रयोगशाळेत मी रोज ज्या रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, काम करते, त्याबद्दल घरातल्या कुणीतरी विचारलं याचा इतका आनंद झाला की अंधार पडेपर्यंत बोलत राहिले.

जिवाणूच्या डीएनएवरून आरएनएची प्रत निघते. ती पुरती निघायच्या आधीच रायबोसोम तिच्यावर चढतात, कारण जिवाणूत केंद्रक नाही, मध्ये पडदा नाही. तीन-तीन अक्षरं वाचायची, एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिन बनवायचं. वाढ जोरात असेल तर सेकंदाला पंधरा-वीस. बहुतेक प्रती काही मिनिटांतच तुटून जातात. इतक्या घाईतही चुका फार थोड्या होतात, आणि मला या कामात ओढलं ते याच गोष्टीनं.

स्ट्रेप्टोमायसिन नेमकं या वाचण्यावर घाव घालतं. १९६४ साली डेव्हिस, गिल्बर्ट आणि गोरिनी यांनी परीक्षानळीत फक्त 'यू' अक्षराचा आरएनए घेतला. त्यातून फेनिलॅलनिन हे एकच अमिनो आम्ल जोडलं जायला हवं. स्ट्रेप्टोमायसिन घातल्यावर आयसोल्युसिनही जोडलं जाऊ लागलं, म्हणजे रायबोसोम चुकीचं वाचू लागला. टेट्रासायक्लिनची तऱ्हा वेगळी: नवं अमिनो आम्ल घेऊन येणारा टीआरएनए जिथे बसतो, ती जागाच ते अडवतं. २००० साली केंब्रिजमध्ये व्यंकी रामकृष्णन यांच्या गटानं गरम झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस थर्मोफिलसच्या रायबोसोमचा लहान भाग अणूंच्या पातळीवर उलगडला आणि ही दोन्ही औषधं कुठे बसतात तेही दाखवलं. बाबांच्या पुडीतली दोन्ही औषधं त्या एकाच लहान भागावर बसतात.

"मंग काही जंतू काहून मरत नाही?"

रायबोसोमच्या त्या भागात एस-१२ नावाचं प्रथिन आहे. त्यातलं ४३ वं अमिनो आम्ल लायसिन. जनुकात एक अक्षर बदललं की तिथे आर्जिनिन येतं आणि स्ट्रेप्टोमायसिन निष्प्रभ होतं. क्षयाच्या जिवाणूतही हाच बदल सापडतो. आमच्या आबांना क्षयात याच औषधाच्या सुया दिल्या होत्या. ते वाचले, कान मात्र मंद झाले. दुसरी वाट मला जास्त काळजीची वाटते. एसटीआर-ए, एसटीआर-बी या जनुकांची प्रथिनं औषधालाच फॉस्फेट चिकटवून ते निकामी करतात, आणि ही जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. ती पिकांवरच्या जिवाणूंत सापडली आहेत, माणसांच्या आणि जनावरांच्याही.

"म्हणजे फवारून फवारून आपणच त्यायले शिकवतो?"

शिकवत नाही, बाबा. कोट्यवधींतल्या एखाद्यात तो बदल आपसूक आधीच झालेला असतो. आपण बाकीचे मारतो, मग सगळं पान त्याच्या एकट्याच्या वंशाला मोकळं.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं: माणसाचा जीव वाचवणारं औषध वावरात ओतू नये. शेतीतला या दोन्हींचा वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये काढला होता. पण करपा पुढ्यात असताना बापाला नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. तांबं एकाच जागी न बसता जिवाणूच्या अनेक प्रथिनांना बिघडवतं, म्हणून त्याला चुकवणं तुलनेनं अवघड. तेही अशक्य नाही, हे सांगितलं. हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या वावरात उभ्या ठेवायच्या नाहीत, रोग त्यातून पुढच्या साली येतो.

बाबांनी आज नुसतं तांबं फवारलं. पुडी कोठीत आहे.

परवा नागपूरला जाताना करपलेली पानं नेईन. त्यातला जिवाणू स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या प्लेटवर वाढतो का ते बघायचं. वाढला तर एस-१२ च्या जनुकातली ४३ वी जागा वाचायची आणि ती दोन जनुकं शोधायची. पानं मी एकाच पिशवीत भरत होते. बाबांनी थांबवलं आणि दोन जुड्या वेगळ्या बांधून दिल्या. वरच्या वावरात पुडी दरसाल पडते, नाल्याकडच्या तुकड्यात कधीच पडलेली नाही.