जयंतीला निळा रंग

रविवार, रात्री साडेदहा

बोटांवर अजून स्केचपेनचा निळा डाग आहे. राहू दे.

आज तालमीच्या हॉलमध्ये आमच्या गल्लीनं कोल्हापुरातल्या आपल्या भागाचा नकाशा काढला. खाकी कागदाचे आठ ताव चिकटवून फरशीवर अंथरले होते. ज्याला जी जागा आवडते, ती त्यानं काढायची, एवढंच ठरलेलं. मला वाटलं होतं, संध्यामठ, शालिनी पॅलेस, अंबाबाईची शिखरं येतील. पाहुण्यांना आपण तेच दाखवतो ना. पण पहिल्या मामांनी काढल्या त्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरच्या म्हशी, शिंगं रंगवलेल्या. एका पोरानं स्वतःच्या घराची भिंत काढली, तिच्यावर २०१९ च्या पुराची रेघ. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट झालं की धोका, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. ही भिंत कशाला, विचारलं तर म्हणाला, "पाणी उतरल्यावर अख्खी गल्ली गाळ काढायला आमच्या घरात आलती."

कुणीतरी कपिलतीर्थ, म्हणजे बुजलेलं जुनं तळं, तुटक रेघेनं काढलं. माझ्यासाठी ती जन्मापासून भाजी मंडई. वरुणतीर्थाच्या तळ्याचं गांधी मैदान झालं. तिथं पावसात पाणी साचलं की आपण चिडतो. पाणी आपल्या जुन्या घरी येतंय, असं आज पहिल्यांदा वाटलं.

मग जयंती नाला आला. मी काळा पेन उचलला. शेजारच्या आक्कांनी माझा हात धरला.

"काळा कशाला? नदी हाय ती."

"आक्का, वास येतो हो."

"आता येतोय. आम्ही धुणं घेऊन जायचो. धुऊन झालं की पाण्यात पाय सोडून बसायचो, उठावंसंच वाटायचं नाही."

मी गप्पच झाले. पुलावरून जाताना नाकाला पदर लावायचा, एवढंच मी जयंतीसाठी आजवर केलं. तिच्यात शहराचं सांडपाणी येतं, ते पंपानं उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडं न्यावं लागतं आणि जे निसटतं ते थेट पंचगंगेत. घाण आमची, आणि नाला म्हणून नाव तिला. फार वाईट वाटलं.

आक्कांनी निळा पेन घेतला. हात थरथरत होता, पण वळणं एकदाही अडली नाहीत. एका वळणावर थांबून छोटा चौकोन काढला. धुण्याचा दगड, म्हणाल्या.

उद्या सकाळी सातला त्यांना घेऊन तिकडं जाणार आहे. दगड अजून आहे का, ते बघायला.