कार्टूनमधल्या मोकळ्या जागा

लहान मुलांच्या कार्टूनमध्ये बोलण्यापेक्षा धावणे, आपटणे आणि तोंडे वेडीवाकडी करणे अधिक असते, आणि ज्या मुलाला दिसत नाही त्याच्या हातून नेमका हाच भाग निसटतो. 1940 साली सुरू झालेल्या 'टॉम अँड जेरी'त संवाद जवळजवळ नसतातच. स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत मांजराच्या पावलागणिक चालते, त्यामुळे कोणीतरी चोरपावलांनी आले आणि धाडकन कोसळले, एवढे कानांना कळते. पण कोण कशावर कोसळले आणि त्याच्या हातात काय होते, हे संगीत सांगू शकत नाही. खरी गंमत तर त्यातच असते.

माझा भाचा जन्मापासून अंध आहे. गोव्यातल्या फोंड्याच्या घरी भावंडांच्या घोळक्यात बसून तो कार्टून ऐकतो आणि सगळी हसली की "कितें जालें?" म्हणून विचारतो. त्याची बहीण हसू आवरून सांगू लागते, तोवर पडद्यावर भलतेच काही चाललेले असते.

ही उणीव भरून काढण्यासाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन असते. दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत एक आवाज दृश्याचे वर्णन करतो. चित्रपटात हे काम बहुधा चित्रपट पूर्ण झाल्यावर होते, म्हणून मिळेल त्या फटीत शब्द कोंबावे लागतात. ॲनिमेशनमध्ये मात्र संवाद सहसा आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्रे त्यांच्या मापाने हलवली जातात. मग वर्णनासाठी लागणारी जागा स्टोरीबोर्डच्या, म्हणजे दृश्यांचा चित्ररूप आराखडा काढण्याच्या, वेळीच का राखून ठेवू नये? तेव्हा दोन सेकंद वाढवायला फारसा खर्च येत नाही. सगळे तयार झाल्यावर तेच दोन सेकंद कोणी देत नाही.

एका परिचिताच्या छोट्या ॲनिमेशनपटासाठी मी असे वर्णन लिहिले. वाड्यावरच्या मुलांनी दिवाळीसाठी केलेल्या नरकासुराच्या पुतळ्याचे डोके मिरवणुकीत निखळते आणि पुढे नाचणाऱ्या मुलाला त्याचा पत्ताच नसतो, असा प्रसंग होता. "डोके पडते" हे शब्द धप्प आवाजाच्या आधी आले तर विनोद मरतो, म्हणून आधी केवळ "मान डुगडुगते" एवढेच ठेवले, मग आवाज, मग क्षणभर शांतता, आणि त्यानंतर "बंड्या पाठमोरा नाचतोच आहे". "बंड्याला काही कळले नाही" असे लिहिणे सोपे होते. पण तो अर्थ लावण्याचा हक्क ऐकणाऱ्या मुलाचा आहे, निवेदकाचा नाही. रंग मात्र मी आवर्जून सांगतो. जन्मांध मुलाला रंग सांगून काय उपयोग, असे विचारणारे पुष्कळ भेटतात; शाळेत मित्र लाल अंगरख्याच्या राक्षसाविषयी बोलतात तेव्हा त्यालाही त्या गप्पांत भाग घ्यायचा असतो. अंधुक दिसणाऱ्या मुलांसाठी ठळक बाह्यरेषा आणि पार्श्वभूमीहून वेगळा उठून दिसणारा रंग हवा, आणि पडद्यावरची अक्षरे वाचूनही दाखवायला हवीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि त्याच्या 42 व्या कलमात ऑडिओ डिस्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. चित्रपटगृहांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे 2024 मध्ये आली. मुले मात्र कार्टून पाहतात ती घरच्या टीव्हीवर आणि आईच्या फोनवर, आणि ही तत्त्वे तिथवर पोहोचत नाहीत. ज्या पणजीत 2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि जानेवारी 2023 मध्ये पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला, तिथल्या लहान स्टुडिओंनी तरी नियमाची वाट पाहू नये, असे मला वाटते.

वर्णन पक्के करण्याआधी ते अंध मुलाला ऐकवणे अत्यंत गरजेचे आहे. आम्ही कच्चा मसुदा भाच्याला ऐकवला, तेव्हा नरकासुराचे दात मोडले का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. दिग्दर्शकाला तो इतका आवडला की पुढच्या दृश्यात मोडके दात रस्त्यावरून घरंगळू लागले आणि त्यांच्यासाठी खास आवाजही तयार करण्यात आला.