नवे टायर मागं बसवा

कोल्हापुरातल्या टायरच्या दुकानात जाऊन दोनच नवे टायर मागितले, की कामाला असलेला पोरगा न विचारता जॅक पुढच्या चाकाशी नेतो. आपल्या छोट्या गाड्यांत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर, स्टिअरिंग पुढं, ब्रेकचा जास्त जोरही पुढंच. म्हणून नवा माल पुढं आणि पुढचे घासलेले मागं, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. मी त्याला तिथंच थांबवते. नवे मागं बसवायचे, मागचे पुढं घ्यायचे. "ताई, उलटं होतंय की हे," असं तो म्हणतो. घाट उतरणाऱ्यांसाठी हेच सुलट आहे. ते का, हे नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं सासर कोल्हापूर, माहेर कणकवली. मधे राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, कणकवली अगदी तळाला, आणि दाजीपूर ओलांडलं की ती सगळी उंची थोड्या अंतरात उतरायची असते. पावसाळ्यात जंगलातून येताना रस्त्यावर ओल्या पानांचा थर असतो, डोंगराच्या बाजूनं लाल चिखल वाहून आलेला असतो, एखाद्या वळणावर पाणी सरळ रस्ता ओलांडून दरीत जात असतं. धुकं उतरलं की पुढच्या ट्रकचे मागचे दिवे दिसले तर दिसले. ज्यांचं माहेर-सासर किंवा नोकरी आंबोली, करूळ, आंबा, कुंभार्ली, वरंध यांपैकी कुठल्याही घाटाच्या अल्याडपल्याड आहे, त्यांना हे वर्णन नवं नाही.

गाडी उताराला लागली की तिचं वजन पुढच्या चाकांकडं झुकतं. ब्रेक दाबला की आणखी झुकतं. म्हणजे उतारावरच्या वळणावर मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात. रस्त्यावर त्यांचा दाब कमी, म्हणून पकडही कमी. टायरवरच्या खाचा पाणी बाजूला काढायला असतात. नेमक्या हलक्या झालेल्या चाकांवर खाचा संपत आलेले टायर असले, तर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो आणि चाक त्यावर तरंगतं.

पुढची चाकं घसरली तर गाडी वळायला तयार होत नाही, सरळ जाऊ पाहते. ते स्टिअरिंगमधून हाताला कळतं. आपण घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, आणि तेच बरोबर ठरतं: वेग उतरतो, वजन पुढं येतं, पकड बहुतेक वेळा परत मिळते. मागची चाकं घसरली तर गाडीचं बूड वळणाच्या बाहेर निघतं आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. इथं घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाकं आणखी हलकी होतात. जिथं बूड चाललंय त्याच दिशेला स्टिअरिंग अंदाजानं फिरवून गाडी सावरणं शर्यतीतल्या चालकांना सरावानं जमत असेल. एका बाजूला दरी, समोरून एसटी आणि मागच्या सीटवर पोरं असताना ते तुम्हाआम्हाला जमणार नाही. एबीएस आहे, ईएसपी (गाडी फिरू लागली की आपोआप एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा) आहे, असं सांगणारे भेटतात. असावंच. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच. टायरमध्ये नसलेली पकड ते कुठून आणणार? मिशेलिनसारखे टायर बनवणारेसुद्धा दोनच बदलत असाल तर नवी जोडी मागच्या चाकांना घाला, असंच सांगतात.

दुकानदार यावर एक रास्त प्रश्न विचारतात: "आणि जुना पुढचा फुटला तर?" फुटण्याइतका जुना टायर गाडीला कुठंच नको, मागंही नको. टायर फुटतो तो मुख्यतः हवा कमी ठेवून पळवल्यानं, क्षमतेपेक्षा जास्त वजन लादल्यानं किंवा आत आधीच मार बसलेला असल्यानं. नवीजुनी जोडी कुठं घालायची हा प्रश्न, दोन्ही जोड्या वापरण्याजोग्या असतील तरच येतो.

तो येऊच नये असं वागणं सगळ्यांत उत्तम. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली की चारही टायर सारखे झिजतात आणि एकदम चारच बदलता येतात. घाटात हे जास्त लागतं, कारण तीव्र वळणांवर पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा भराभर खाल्ल्या जातात. वरून बघितलं तर मधली नक्षी ठसठशीत दिसते. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक बाहेर येऊ द्या आणि कडेवरून हात फिरवा, मग खरं कळतं. एकीकडचीच कडा जास्त गेली असेल तर आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट करून घेणं), मग अदलाबदल.

खाच किती उरली पाहिजे? कायद्यानं मोटारीसाठी १.६ मिलिमीटर. टायरच्या खाचांत मधे मधे बारीक उंचवटे असतात, नक्षी त्यांच्याइतकी खाली आली की कायद्यानं टायर संपला. नव्या टायरची खाच आठ मिलिमीटरच्या आसपास असते. माझ्या मते घाटातल्या पावसाला १.६ हा आकडा फार उशिरा येतो. मे महिन्यात खाच तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर मी त्या टायरवर पावसाळा काढत नाही. खोली मोजायची छोटी पट्टी स्वस्तात मिळते, तिनं कडेला आणि मधे दोन्हीकडं मोजायचं. मृग लागायच्या आत हे काम झालेलं बरं. पहिल्या पावसात उन्हाळाभर साचलेलं तेल, रबर आणि धूळ पाण्यात कालवली जाते, आणि तेव्हा रस्ता जितका निसरडा होतो तितका पुढं भर श्रावणातही नसतो.

आता निवड. माझ्या स्विफ्टला १८५/६५ आर १५ हे माप आहे आणि मी तेच घालते. चाक भारदस्त दिसावं म्हणून दोन मापं रुंद टायर घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की खाच सारखीच असेल तर रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि भरलेली गाडी खड्ड्यात दबली की आतून घासतोही. मापानंतर ८८एच असं काही लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो वजन चालतं, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. वेगाचं अक्षर घाटात बिनकामाचं, पण वजनाचा आकडा कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी चालणार नाही. टायरवर तारे छापलेले स्टिकर दिसतात, ते इंधन किती वाचेल याचे. ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ती खूण नव्हे, त्यामुळं तारे मोजून घाटासाठी टायर निवडू नका. एसयूव्हीवाले मोठमोठ्या ठोकळ्यांचे ऑल-टेरेन टायर घेतात. रोज शेतातून, दगडातून जायचं असेल तर जरूर घ्या. आपले घाट डांबराचे आणि काँक्रीटचे आहेत, आणि ओल्या डांबरावर साधा रस्त्याचा चांगला टायरच जास्त धरतो.

एक गोष्ट दुकानात उभं राहून बघायचीच. टायरच्या कडेला डॉट (DOT) या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. रबर पडून पडून कडक होतं, खाच शाबूत असली तरी. गोदामात वर्षं काढलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये, आणि आपल्या गाडीचा पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा.

हवेबद्दल लोक फार सल्ले देतात: पावसात दोन पॉइंट (म्हणजे पीएसआय) कमी ठेवा, घाटात कमी ठेवा, पकड वाढते. ओल्या डांबरावर हे चूक आहे. हवा कमी असलेला टायर कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागतो, वळणावर कडेवर लोळतो आणि तापतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पट्टी असते, तिथला आकडा खरा. तो थंड टायरचा असतो, म्हणून सकाळी घरून निघताना भरायची. घाट उतरून आल्यावर वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही. उंचीमुळं हवेच्या मीटरवर पडणारा फरक आपल्या घाटांत जेमतेम एक पीएसआय असतो. लेहला गाडी घेऊन जाणाऱ्यांना साडेतीन हजार मीटर उंचीवर तो चारपाच पीएसआय दिसतो, पण थंडीनं तो पुन्हा बराचसा खाली येतो, आणि तिथंही मोजायचं सकाळीच.

बऱ्याच गाड्यांच्या त्या पट्टीवर दोन आकडे असतात, एक दोघातिघांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्याकडं कुणी बघत नाही. आणि गणपतीला कोकणात उतरणारी प्रत्येक गाडी भरलेली असते! पाच माणसं, डिकीत फराळाचे डबे, मखराचं सामान, नारळाचं पोतं, वर भरपूर पाऊस. त्या दिवशी, विशेषतः मागच्या चाकांना, भरलेल्या गाडीचा आकडा लागतो. आणि उतरायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या धाकात. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेकची उष्णता रिममधून टायरलाही पोचते.

घाटात पंक्चरपेक्षा मला भीती कडेची वाटते. समोरच्याला जागा द्यायला चाक डांबराखाली उतरवावं लागतं, आणि डांबराची ती तुटकी धार टायरची कड कापते. तिथं ट्यूबलेसच्या पंक्चरात घालतात ती रबरी दोरी चालत नाही, आणि कडेला फुगा आला तर आतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात, तो टायर गेला. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट दिलेलं असेल तर कंपनीला स्टेपनी देणं बंधनकारक राहिलेलं नाही. शहरात चालून जाईल. भर पावसात, फोनला रेंज नसलेल्या वळणावर कापलेल्या कडेपुढं ते किट काय करणार? भावानं अशीच बिनस्टेपनीची गाडी घेतली, तेव्हा आम्ही डिकीचा तळ मोजला आणि त्याच मापाचं लोखंडी रिमचं चाक टायरसकट विकत घेऊन आत बसवलं, जॅक आणि पाना वेगळा घेतला. डिकीची जागा कमी झाली. यंदा मखराचं सामान माझ्या गाडीतून जाईल.