माँत्रो: तिचा किल्ला, माझा कॅसिनो

स्वित्झर्लंडहून आलेल्या माणसाला लोक आधी युंगफ्राऊबद्दल विचारतात. आम्हीही गेलो, बर्फात खेळलो, मजा आली. पण मला लिहायचंय ते माँत्रोबद्दल. बायकोला तिथला शियोंचा किल्ला बघायचा होता आणि मला कॅसिनो. जुगारासाठी नव्हे, तिथल्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या स्टुडिओसाठी.

लोझानहून गाडी सुटली की उजव्या हाताला जिनिव्हा सरोवर आणि डावीकडे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले लाव्होचे द्राक्षमळे. डबा उघडून ठेपले संपेपर्यंत माँत्रो आलंसुद्धा.

स्टेशनातून खाली उतरून काठावर गेलं की जुन्या बाजाराच्या छपराजवळ, पाण्याकडे तोंड करून क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी उभा आहे. ब्राँझचा, माणसापेक्षा बराच उंच, एक हात आभाळात. १९९६ पासून इथे आहे. मी मूळचा वाईचा. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्स शाळेत १९५५ साली झांझिबारहून आलेला फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा म्हणजेच हा. शाळेतल्या हेक्टिक्स या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. आमच्या लहानपणी हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. पुण्यात हॉस्टेलवर असताना कळलं, तेव्हा उर भरून आला होता. धाकट्याने पुतळ्याकडे मान वर करून विचारलं, "बाबा, म्हणजे हा आपल्या घाटावरून गेलाय?" गेलाच असणार.

कॅसिनोत मात्र माझा पाय निघेना. क्वीनने १९७८ मध्ये इथल्या माउंटन स्टुडिओत अल्बम केला आणि पुढच्याच वर्षी स्टुडिओच विकत घेतला. आता तिथे छोटंसं संग्रहालय आहे, तिकीट नाही. बाहेरच्या भिंतीवर जगभरच्या लोकांनी निरोप लिहिलेत. आत कपडे, वाद्यं, हाताने लिहिलेले गाण्यांचे कागद, आणि कंट्रोल रूम. मे १९९१ मध्ये फ्रेडी इथेच, कंट्रोल रूममध्ये उभा राहून 'मदर लव्ह' गायला. अंगात त्राण नव्हतं. शेवटचं कडवं नंतर करू म्हणाला, ते राहूनच गेलं. ते कडवं पुढे बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने गायलं. २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला तेव्हा ४५ वर्षांचा होता.

मी ४७चा आहे. कॉलेजात तो मला केवढा मोठा वाटायचा. परवा तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, किती लहान होता हा. तब्येत, अर्धी राहिलेली कामं, घरचे, हे सगळं आता माझ्याही रोजच्या विचारात असतं, आणि त्या आवाजात ते सगळं आहे. विशीत मी फक्त सूर ऐकले होते.

तिथे गाण्यातले वेगवेगळे आवाज मिसळायच्या मिक्सरच्या पट्ट्या आपल्याला वरखाली करून बघता येतात. थोरली एरवी माझ्या संगीताच्या वाटेला जात नाही. तिने एकेक करून ड्रम्स बंद केले, गिटार बंद केली, नुसता आवाज ठेवला. "बाबा, श्वास घेतलेला ऐकू येतोय बघ," म्हणाली, आणि हेडफोन मला दिला.

दुपारी काठाकाठाने किल्ल्याकडे चालत निघालो. पाऊण तासाची सुंदर वाट, आणि वाटेतच तेरिते ही वस्ती लागते. मग मुलांना ती गोष्ट सांगितलीच. ४ डिसेंबर १९७१. कॅसिनोत फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी छताकडे फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारी बंदूक, झाडली. तेव्हाचा जुना कॅसिनो जळून गेला, धूर सरोवरावर पसरला. तिथेच रेकॉर्डिंग करायला आलेल्या डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडने ते डोळ्यांनी पाहिलं आणि 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं झालं. जागा गेली म्हणून ते पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात गेले. रात्री एवढा आवाज, शेजाऱ्यांनी तक्रार केली. पोलीस दार ठोठावत होते आणि बँडची माणसं टेक पूर्ण होईपर्यंत ते आतून दाबून धरून उभी होती! मग तेरितेतलं हिवाळ्यामुळे बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून बाकीचा अल्बम तिथे केला. बाहेरच्या रेकॉर्डिंग ट्रकपर्यंत जायची वाट इतकी आडवळणाची, की वाजवलेलं ऐकायलाही ते जाईनात.

'स्मोक ऑन द वॉटर'ची ती सुरुवातीची गिटार हॉस्टेलवर आम्ही सगळ्यांनी बडवली आहे. पण त्या गाण्यात क्लोद नॉब्सचंही नाव येतं, माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचा संस्थापक. आगीत धावपळ करून तो पोरांना बाहेर काढत होता. इतकी वर्षं ती ओळ माझ्या कानावरून नुसती गेली. आता माझी थोरली मैत्रिणींबरोबर कॉन्सर्टला जाते, मी रात्री गेटबाहेर गाडी लावून बसतो. त्या दिवशी हॉलमधले सगळे जिवंत बाहेर आले, हे मला त्या गिटारपेक्षा मोठं वाटतं.

किल्ल्यात बायकोने तळघरापासून बुरुजापर्यंत एकेक दालन निवांत पाहिलं. मी तिच्याबरोबर होतो, शेवटपर्यंत. सकाळी स्टुडिओत तिनेही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. परतताना पाय बोलायला लागले तर २०१ नंबरची बस किल्ल्यापासून थेट माँत्रोत सोडते.