मका अपडेट: ह्या वेळी कणसाआधी तुरा आणि केसांच्या तारखा

बोरिवलीच्या गच्चीवरची पावसाळी बॅच सुकवून झाली, बियाणं लेबल लावून डब्यात गेलं. निवड करताना ह्या वेळी कणसाची साइज मी मुद्दाम दुसऱ्या नंबरवर ठेवली.

कारण असं की उत्पादन काही एका जीनवर चालत नाही, शेकडो जीन्स थोडाथोडा वाटा उचलतात आणि त्यावर माती, ऊन, पाणी. कठड्याजवळच्या ड्रमला ऊन जास्त, तिथलं कणीस भरतंच, पण ते ऊन काय बियाण्यातून पुढच्या पिढीत जाणार नाही ना! म्हणून तुऱ्यातून पराग पडायला लागला ती तारीख आणि कणसाला केस आले ती तारीख, दोन्ही प्रत्येक झाडाच्या पट्टीवर लिहिल्या. ताण पडला की तुरा साधारण वेळेवर येतो, केस मागे राहतात, आणि एक केस म्हणजे एक दाणा, मग पराग संपल्यावर केस आले तर कणीस बोडकंच राहणार. मेक्सिकोच्या सिमिटमध्ये (मका आणि गव्हाची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) दुष्काळासाठी मका निवडताना ह्या दोन तारखांमधलं अंतर बघितलं गेलं, कारण ताणात उत्पादनाची आनुवंशिकता घसरते पण हे अंतर त्या मानाने टिकून वारशात उतरतं. मला हे फार भारी वाटतं, तराजू न लावता नुसत्या दोन तारखांवर एवढं कळतं.

मुंबईच्या पावसात दुष्काळ कुठून आणणार, म्हणून ताण गर्दीचा दिला, ड्रममध्ये दाटीने पेरलं. अमेरिकेत संकरित मक्याचं एकरी उत्पादन वाढलं त्यात दाटीत तग धरणाऱ्या वाणांचा मोठा वाटा आहे, पानं पण उभट होत गेली.

पिशव्या बांधून स्वपरागीकरण केलेल्या (झाडाचा पराग त्याच झाडाच्या केसांवर) ओळी आता बुटक्या आणि किडकिडीत दिसतायत, ते अपेक्षितच, दर पिढीला विषम जीनजोड्या (एकाच जीनची दोन वेगळी रूपं असलेल्या) सरासरी निम्म्या होतात. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी 1908 मध्ये दाखवलंच होतं की अशा दुबळ्या ओळींचा आपसात संकर केला की जोम परत येतो.

तर थंडीत अंतर कमी असलेल्या दोन ओळींचा संकर, दोन्ही बाजूंनी, म्हणजे प्रत्येक ओळ एकदा पराग देणारी, एकदा घेणारी. एक ओळ उशिरा फुलते, ती आधी पेरणार म्हणजे पराग आणि केस जुळतील. बदलापूर-वांगणीकडे कोणी जमिनीत लावणार असेल तर थोडं बियाणं देतो, फक्त दोन्ही तारखा लिहून पाठवा, नुसता कणसाचा फोटो नको.